घाटमाथ्यावरील हिवाळी मुक्काम : नाणेघाटातील लेणे व पोढ्यांच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

डोंबिवली-कल्याण परिसरातील गिरिभ्रमण करणाऱ्या तरुणांच्या वह्यांत नाणेघाटाचे नाव हमखास आढळते. कल्याणच्या एस. टी. स्थानकातून मुरबाड, टोकावडेमार्गे वैशाखऱ्याला उतरावे, दगडी पायऱ्यांची जुनी वाट चढून सूर्यास्ताच्या सुमारास घाटमाथा गाठावा आणि रात्र तेथील लेण्यात काढावी, हा अनेक पिढ्यांचा परिपाठ आहे. मार्गशीर्ष-पौषात घाटाच्या खिंडीतून रात्रभर वारा वाहतो. कोकणातील दमट उबेची सवय असलेल्या माणसाला ही थंडी चांगलीच जाणवते. अशा रात्री ज्या भिंतीच्या आडोशाला तो अंथरूण टाकतो, त्याच भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांहून जुना ब्राह्मी लेख आहे.

महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाच्या अध्यापनात नाणेघाट म्हणजे नागनिकेचा लेख, असे समीकरण रूढ आहे. सातवाहनांची वंशावळ, वैदिक यज्ञ, दक्षिणेच्या रकमा आणि अंकलेखनाचा प्राचीन पुरावा या चार मुद्द्यांवर हे प्रकरण संपते. राजवंशाचा इतिहास लिहिताना ते योग्यच आहे. परंतु हा लेख मुळात घाटाच्या तोंडाशी का कोरला गेला, तेथे कोण थांबत असे, किती काळ आणि कोणत्या ऋतूत, हे प्रश्न त्या समीकरणात बसत नाहीत. प्रस्तुत लेखात नाणेघाटाचा विचार राजलेखाचे ठिकाण म्हणून न करता मुक्कामाचे ठिकाण म्हणून केला आहे. पर्वतातील निवाऱ्याचा इतिहास छपरावरून लिहावा की पाण्यावरून, हा त्यातील कळीचा प्रश्न आहे.

आल्प्समधील निवारे : तुलनेसाठी एक उदाहरण

पर्वतनिवाऱ्यांच्या इतिहासाची जगभर जी चर्चा होते, तिचा साचा आल्प्स पर्वताने घालून दिलेला आहे. स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड समुद्रसपाटीपासून २,४६९ मीटर उंचीवर आहे. रोमन काळी तेथे ज्युपिटर पेनिनसचे देवालय आणि प्रवाशांचे उतारस्थान होते. सुखरूप पार पडलेल्या प्रवाशांनी देवाला वाहिलेल्या, स्वतःची नावे कोरलेल्या कांस्यपट्टिका त्या जागी सापडल्या आहेत. अकराव्या शतकाच्या मध्यास आओस्ता येथील धर्माधिकारी बर्नार्ड याने तेथे धर्मशाळा स्थापन केली. ऑगस्टिनियन परंपरेतील धर्मगुरू ती आजतागायत चालवीत आहेत. बर्फात अडकलेल्यांच्या शोधासाठी पाळलेल्या तेथील कुत्र्यांमुळे ही धर्मशाळा जगप्रसिद्ध झाली. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियन आपले सैन्य घेऊन याच खिंडीतून इटलीत उतरला. १९६४ मध्ये डोंगराखालून मोटारींचा बोगदा झाल्यावर खिंडीची दळणवळणातील निकड संपली. तरी हिवाळ्यात, रस्ता बर्फाने बंद असताना, बर्फावरून घसरपट्ट्या किंवा बर्फचपला वापरून येणाऱ्यांसाठी धर्मशाळेचे दार उघडे असते.

एकोणिसाव्या शतकात यात गिर्यारोहकांच्या झोपड्यांची भर पडली. १९ एप्रिल १८६३ रोजी ओल्टेन येथील रेल्वे स्थानकाच्या उपाहारगृहात स्विस अल्पाइन क्लबची स्थापना झाली आणि त्याच वर्षी टोडी शिखराच्या परिसरात ग्रुनहॉर्न ही क्लबची पहिली झोपडी उभी राहिली. पुढे आल्प्सभर अशा शेकडो झोपड्या झाल्या. उन्हाळ्यात तेथे राखणदार असतो. हिवाळ्यात तो खाली उतरतो, पण बहुतेक ठिकाणी एक खोली कुलूप न लावता ठेवलेली असते. तीत लाकूड, चूल, घोंगड्या असतात. मुक्काम करणाऱ्याने आपले नाव वहीत लिहावे, पैसे पेटीत टाकावेत आणि निघताना केर काढावा, अशी अपेक्षा असते. या हिवाळी खोलीचे सारे तंत्र एका गोष्टीभोवती गुंफलेले आहे : थंडीने माणूस मरू नये. छप्पर आणि विस्तव या तिच्या दोन अटी. पाणी हा तेथे प्रश्नच नाही, बर्फ वितळवले की झाले.

हा साचा सह्याद्रीला जसाच्या तसा लावला की आपल्याकडे पर्वतनिवाऱ्याची परंपराच नव्हती, असा निष्कर्ष निघतो. तो अनेकदा काढलाही जातो. आल्प्समधील हिवाळा हा खिंडीचा मृत ऋतू आहे आणि निवारा त्या मृत ऋतूशी झुंजण्यासाठी आहे. सह्याद्रीचे ऋतुचक्र याच्या नेमके उलट फिरते. येथे मृत ऋतू पावसाळ्याचा, आणि घाट जिवंत होतो तो दसऱ्यानंतर.

लेण्यातील राजलेख

नाणेघाटाचे मुख्य लेणे घाटाच्या माथ्याजवळ आहे. भाजे, कार्ले किंवा जुन्नरच्या लेण्यांप्रमाणे त्यात ना स्तूप आहे ना भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या. ते एकच प्रशस्त दालन आहे. १८२८ मध्ये कर्नल विल्यम साइक्स यांनी येथील लेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यांचे वाचन केले आणि १८८३ साली गेओर्ग ब्यूलर यांनी पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पाचव्या खंडात ते सविस्तर प्रसिद्ध केले. मागच्या भिंतीवर एके काळी राजघराण्यातील व्यक्तींच्या उठावाच्या प्रतिमा होत्या. आज पायांचे अवशेष आणि वरची नावे एवढेच शिल्लक आहे. सिमुक सातवाहन, देवी नायनिका व राजा सिरी सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी आणि कुमार सातवाहन ही ती नावे. एखाद्या राजघराण्याने आपले प्रतिमादालन राजधानीत न उभारता कोकणात उतरणाऱ्या वाटेवर उभारावे, ही गोष्ट बोलकी आहे.

बाजूच्या भिंतींवरील मोठा लेख धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून सुरू होतो. मासोपवास करणारी, घरीच तापसीप्रमाणे राहणारी अशी राणीची वर्णने त्यात येतात. नंतर अश्वमेधादी यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद आहे. लेखाचा काळ इ. स. पू. दुसरे की पहिले शतक, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की या लेखात वाटसरूचा, निवाऱ्याचा किंवा जकातीचा उल्लेख नाही. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण हा जकातीची नाणी टाकण्यासाठी होता आणि त्यावरून घाटाला नाव पडले, ही समजूत आज प्रत्येक माहितीपत्रकात असते. ती अशक्य नाही, पण लेखांत तिला आधार मिळत नाही. इंग्रजी साधनांत या घाटाचे नाव ‘नाना घाट’ असे येते आणि शेजारच्या सुळक्याला लोक आजही नानाचा अंगठा म्हणतात, हेही त्या व्युत्पत्तीच्या जोडीला ठेवले पाहिजे.

राणीचा लेख प्रवाशांनी वाचावा म्हणून होता का? पशूंवर माल लादून चढून आलेल्या किती जणांना अक्षरओळख असेल, कोण जाणे. पण प्रतिमा सर्वांनाच दिसत होत्या. घाट कोणाच्या सत्तेखाली आहे हे त्यांनी सांगितले. मुक्काम कशावर टिकला, हे मात्र त्या सांगत नाहीत.

पोढ्या आणि त्यांचे दाते

त्या प्रश्नाचे उत्तर लेण्याबाहेर, कातळात खोदलेल्या टाक्यांजवळ मिळते. कोरीव लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ हा प्राकृत शब्द येतो. नाणेघाटात असे दोन छोटे दानलेख ज्ञात आहेत. एकात सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दान दिल्याचे म्हटले आहे. दुसरा वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णी या राजाच्या १३ व्या राज्यवर्षातील असून त्यात कामवन येथील दमघोषाने दिलेल्या पोढीची नोंद आहे. राणीच्या लेखापुढे हे लेख इतके त्रोटक आहेत की पाठ्यपुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही. मुक्कामाच्या इतिहासात मात्र त्यांचे मोल राजलेखाहून कमी नाही.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, वसईच्या खाडीपलीकडचे प्राचीन बंदर. तेथील माणसाने शेकडो फूट उंचीवरच्या खिंडीत टाके खोदण्याचा खर्च का करावा? पुण्यप्राप्ती हा हेतू दानात गृहीत असतोच. पण ज्या वाटेने आपला माल आणि आपली माणसे जातात, त्या वाटेवरच पुण्य करावे, यात व्यवहारही आहे. एक बैल थंडीच्या दिवसांतही रोज तीस-चाळीस लिटर पाणी पितो. शंभर बैलांचा तांडा एका रात्रीसाठी थांबला तर माणसांचे पाणी सोडून तीन-चार हजार लिटर लागतात. घाटाचा चढ संपवून आलेल्या जनावराला माथ्यावर पाणी मिळाले नाही तर पुढचा जुन्नरपर्यंतचा सुमारे तीस किलोमीटरचा टप्पा अवघड होतो. छप्पर नसले तरी तांडा उघड्यावर झोपू शकतो, पाणी नसेल तर तो थांबूच शकत नाही. म्हणून सह्याद्रीतील निवाऱ्याचे बीज गुहेत नसून टाक्यात आहे, असे म्हणावे लागते. आल्प्समध्ये जे स्थान विस्तवाचे, तेच येथे पोढीचे.

या दृष्टीने आजूबाजूचे लेख पाहिले की एकच सूत्र दिसू लागते. जुन्नर परिसरात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्याचा लेख आहे. चित या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची यादी आहे. तीत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी बांधलेली विश्रांतिस्थाने, तळी व विहिरी येतात. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहणुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर सभा व प्रपा उभारल्याचाही उल्लेख आहे. प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी देण्याची जागा. मराठीतील ‘पाणपोई’ या शब्दात ती अजून टिकून आहे. शूर्पारक म्हणजे सोपारा आणि डाहणुका म्हणजे डहाणूची नदी. म्हणजेच जुन्या ठाणे जिल्ह्याच्या भूमीवर प्रवाशाच्या सोयीचा एवढा तपशील दोन सहस्रकांपूर्वी दगडावर नोंदला गेला आहे. दाते राजघराण्यातले, व्यापारी, परदेशी असे नाना प्रकारचे. धर्मही भिन्न. पाण्याबाबत मात्र सर्वांचे एकमत.

मुक्कामाचा ऋतू

या टाक्यांचा उपयोग कोणत्या महिन्यांत होत असे, याचा अंदाज समुद्राकडून बांधता येतो. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथानुसार भडोचकडे येणारी जहाजे जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत. रोमन लेखक प्लिनी लिहितो की भारतातून परतणारी जहाजे डिसेंबरात, किंवा फार तर जानेवारीच्या मध्यापूर्वी, नांगर उचलत. म्हणजे देशावरचा माल बंदरावर पोहोचण्यास पावसाळा संपल्यापासून जेमतेम तीन महिने मिळत. ‘पेरिप्लस’मध्येच पैठण आणि तेर येथून माल मोठ्या प्रमाणावर भडोचला जात असल्याचे म्हटले आहे. पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आणि तेर तेथून पूर्वेला आणखी १० दिवसांवर.

कल्याणची हकीकत त्याच ग्रंथात वेगळी येते. थोरल्या सॅरेगॅनसच्या काळी ते रीतसर बाजारपेठ होते. पुढे सँडनिसच्या ताब्यात गेल्यावर तेथील व्यापाराला अडथळा झाला आणि चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. सॅरेगॅनस म्हणजे सातकर्णी, असे सामान्यतः मानतात. कल्याण खुले असताना पैठणच्या मालाला जवळची वाट जुन्नर-नाणेघाटाची होती. ती वाट आश्विन ते पौष या काळात गजबजत असली पाहिजे. परदेशी जहाजे थांबली तरी किनाऱ्यावरील व्यापार थांबत नाही. मीठ, सुकी मासळी, नारळ वर चढणार आणि धान्य, कापड खाली उतरणार. तरीही गर्दीचा काळ हिवाळाच, कारण टाकी नुकत्याच सरलेल्या पावसाने भरलेली, वाटेवर गवत मुबलक, आणि निसरडे झालेले दगड वाळलेले.

बौद्ध संघाचा वर्षावास याच्या अगदी विरुद्ध ऋतूत येतो. जुन्नरच्या लेण्यांत भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहत. वर्षावास संपला की ते चारिकेला बाहेर पडत आणि त्याच सुमारास तांडे घाट चढू लागत. लेण्यांचा मुक्काम पावसाळी, घाटमाथ्याचा मुक्काम हिवाळी. नाणेघाटच्या लेण्यात निवासाच्या खोल्या का नाहीत, याचे एक उत्तर या ऋतुभेदात असू शकेल. तेथे कोणी चार महिने राहायचे नव्हते. एक रात्र काढायची, पाणी प्यायचे आणि उजाडताच निघायचे.

१८६३ नंतर

घाटाचे हे काम मध्ययुगातही चालूच राहिले असावे. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी या किल्ल्यांचे कडे त्याच्याभोवती उगाच उभे राहिले नाही. १८५४ साली आगगाडी कल्याणला पोहोचली. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून लोहमार्ग सुरू झाला. मधल्या सर्व पायवाटा एकाएकी आडवळणाच्या झाल्या. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने नाणेघाटाची दखल घेतली ती प्रामुख्याने त्याच्या पुराणवस्तूंसाठी.

ज्या वर्षी बोरघाटातील गाडीने सह्याद्रीच्या वाटा ओस पाडल्या, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये एका रेल्वे स्थानकावर गिर्यारोहकांचा क्लब स्थापन होऊन झोपड्या बांधू लागला. आगगाडी दोन्हीकडे आली. तिकडे तिने हौशी प्रवासी डोंगराच्या पायथ्याशी आणून सोडला आणि त्याच्यासाठी नवा निवारा उभा राहिला. इकडे त्याच काळात साहेबाने महाबळेश्वर, माथेरान येथे बंगले बांधले, पण ते उन्हाळ्यासाठी आणि एका वर्गासाठी. घाटवाटांवर काहीही नवे झाले नाही. त्यामुळे विसाव्या शतकात मराठी मध्यमवर्गीय तरुण डोंगरात जाऊ लागला तेव्हा त्याच्यापुढे क्लबची झोपडी नव्हती. गो. नी. दांडेकरांसारख्या लेखकांनी दुर्गभ्रमणाची गोडी लावलेली ही पिढी हरिश्चंद्रगडाच्या, गोरखगडाच्या, नाणेघाटाच्या गुहांत झोपली आणि प्राचीन टाक्यांचेच पाणी प्यायली. इतक्या जुन्या पाणीव्यवस्थेवर आधारलेले हौशी गिरिभ्रमण जगात फार ठिकाणी नसेल. दुर्दैवाने आपल्याकडे त्याची नोंद इतिहास म्हणून कोणी ठेवलेली नाही.

सद्यःस्थिती

आज जुन्नरकडून मोटाररस्ता थेट घाटमाथ्यापर्यंत येतो आणि वर्षातील सर्वांत मोठी गर्दी होते ती आषाढ-श्रावणात, वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहण्यासाठी. दोन हजार वर्षे ज्या ऋतूत घाट टाळला गेला, तोच त्याचा हंगाम झाला आहे. हिवाळी मुक्काम मात्र पायी चढून येणाऱ्यांपुरता उरला आहे, आणि त्याचाही प्रश्न अवघड झाला आहे. लेण्यात चूल पेटवली की धुराची काजळी अक्षरांवर बसते. भिंतीवर आपले नाव कोरणाऱ्याला ती भिंत कोणाची हे ठाऊक नसते. लेखाच्या रक्षणासाठी दालनात रात्री राहण्यावर बंदी असावी, ही मागणी रास्तच आहे. परंतु मुक्कामच नको, असा तिचा अर्थ लावणे इतिहासाला धरून होणार नाही. घाटघर गावातील घरांतून आता प्रवाशांची जेवणाची व राहण्याची सोय होते. घाटाच्या मूळ स्वभावाशी ही व्यवस्था सुसंगत आहे, आणि गावाला त्यातून चार पैसेही मिळतात.

टाक्यांकडे मात्र अद्याप लक्ष गेलेले नाही. काहींत आजही पाणी असते, काही गाळाने भरली आहेत, काहींत पर्यटकांनी टाकलेल्या बाटल्या तरंगतात. राजलेखाची छायाचित्रे, ठसे, वाचने विपुल झाली. नाणेघाटातील सर्व पोढ्यांची लांबी, रुंदी, खोली मोजून त्यांची एकूण क्षमता काढणे आणि भाद्रपदापासून वैशाखापर्यंत दर महिन्याला त्यांतील पाण्याची पातळी नोंदवणे, हे काम कल्याण-डोंबिवलीतील एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास व भूगोल विभागांना मिळून एका वर्षात करता येण्याजोगे आहे. त्यासाठी लागते ते एवढेच : मोजपट्टी, दोरी, महिन्यातून एक रविवार आणि मुरबाडची पहिली गाडी. त्या आकड्यांवरून एका रात्रीत किती जनावरे व किती माणसे तेथे थांबू शकत होती आणि माघानंतर ती संख्या किती घटत होती, हे सांगता येईल. दमघोषाच्या पोढीपासून सुरुवात करावी. तिच्यावर राज्यवर्ष कोरलेले आहे.